पाचव्या ठिपक्याची वाट

जानकी,

तुझ्या शोकसभेसाठी चार ओळी लिहून द्या, असं अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका मॅडमनी मला सांगितलं. "तुमची मैत्री होती ना, तुम्हीच लिहा." मी लिहायला बसले. जन्म, शिक्षण, पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविका म्हणून इतकी वर्षं, मागे नवरा काशीनाथ आणि एक मुलगी, वैशाली. एवढं लिहून झालं आणि मी कागद चुरगाळून टाकला. मला तुझ्याबद्दल यातलं काहीच सांगायचं नव्हतं. जे सांगायचंय ते सभेत वाचण्यासारखं नाही. ते तुलाच सांगायला हवं होतं, तू होतीस तोवर. आता तू गेलीस त्याला बारा दिवस झाले आणि मला सुचतंय.

तू पहिल्यांदा माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. वैशालीला शाळेच्या वसतिगृहातून दोन दिवस घरी न्यायचं होतं, म्हणून तू शाळेत आली होतीस. मी फळ्यावर एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर काहीतरी. मी मुद्दामच नाव दिलं नव्हतं. रेघ आधी वर चढत होती, मग थोडी सपाट, मग खाली, मग पुन्हा वर. मी पोरांना विचारत होते: कुठे चढतेय, कुठे उतरतेय, सर्वांत वरचा बिंदू कुठला, सर्वांत खालचा कुठला. सूत्र माहीत नसलं तरी नुसत्या चित्रावरून फलनाबद्दल, म्हणजे कशानुसार काय बदलतं त्याबद्दल, केवढं वाचता येतं, हे मला त्यांना दाखवायचं होतं. पोरं एकमेकांकडे बघत होती. आणि दारातून तू म्हणालीस, "इथून पोर आजारी पडलं."

पोरं हसली. वैशालीने मान खाली घातली. मी विचारलं, "कुठून?"

तू चपला काढून आत आलीस आणि फळ्यावर बोट ठेवलंस. मला वाटलं होतं, रेघ खाली वळते तिथे ठेवशील. तू त्याच्या आधी ठेवलंस, जिथे ती नुसती सपाट झाली होती तिथे. "खाली जायला लागलं तवा सगळ्यांना कळतंय. पण आजारी इथून हाये. इथं वाढायचं थांबलं."

सोळा वर्षं मी गणित शिकवतेय, जानकी. वाढ थांबते ती जागा घसरणीच्या आधी येते, हे मी पुस्तकातून शिकवत होते. तू ते पोरं हातात धरून शिकली होतीस. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तुला चहा दिला, आणि तू पिशवीतून अंगणवाडीची वाढीची कार्डं काढून माझ्यापुढे पसरलीस. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा, आणि त्यांवरून चाललेले तुझे ठिपके. "हे बगा, आमचं पण हेच चाललंय."

तेव्हापासून दर महिन्याला वजनं झाली की तू शाळेत यायचीस. मी तुला तू म्हणायचे. तू मला शेवटपर्यंत 'तुमी' आणि 'मॅडम'. वय आपलं सारखं. मी एकदाही म्हटलं नाही, की मला तू म्हण. का म्हटलं नाही?

तुझ्या कार्डांमध्ये मधेच मोकळी जागा असायची. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जायची, पोरं बरोबर जायची, आणि थेट पावसाच्या तोंडाला परत यायची. कुणीतरी तुला सांगितलं होतं, की आधीचा ठिपका आणि नंतरचा ठिपका जोडून टाक, कार्ड चांगलं दिसतं. तू मला विचारायला आलीस. मी म्हटलं, "नको जोडूस. मधे काय झालं ते आपल्याला माहीत नाही." तू म्हणालीस, "मी पण तेच बोलले. पोर तिकडं उपाशी होतं का खात होतं, मना काय ठाव? रेघ मारली की ते खातच होतं असं होतंय." मला इतका आनंद झाला होता. शहरातल्या शिकलेल्या माणसांना हे समजावताना मी थकून गेलेय.

पण एका गोष्टीवर आपलं कधी जमलं नाही, आणि त्याच गोष्टीने तुझा घात केला.

रेणू आठवते ना? आठवत असणारच, तू तिला 'माझी रेणू' म्हणायचीस. पाड्यावरची, चांगली वजनदार जन्मलेली मुलगी. नऊ महिन्यांची असताना साडेआठ किलो. पुढच्या महिन्याला साडेआठच. त्याच्या पुढे आठ किलो तीनशे. अजून हिरव्या पट्ट्यात, भरपूर वर. सगळे म्हणाले, हिरव्यात आहे, काळजी कसली. तू कार्ड घेऊन माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "मॅडम, पट्टा सोडा. रेघेचं तोंड कुठं हाये ते बगा."

मी बघितलं, आणि तुला शहाणपण शिकवलं. म्हटलं, "टांगत्या काट्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. पोरगी हलली असेल, अंगावर स्वेटर असेल. दोन-तीन ठिपक्यांवरून घसरण म्हणू नये. अजून एक-दोन येऊ दे, मग खात्री होईल."

"चौथ्या-पाचव्याची वाट बगायला पोर राहतं का?"

"तसं नाही जानकी, पण घाईने—"

"घाई कसली? एक दिवस जाईल. चुकलं तर चुकलं. पोर घेऊन परत येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तू रेणूला आणि तिच्या आईला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात गेलीस. रेणूला ताप नव्हता, जुलाब नव्हते. लघवी तपासली तेव्हा कळलं की आत जंतू होते आणि ते मूत्रपिंडापर्यंत चालले होते. औषध सुरू झालं. तीन महिन्यांनी तू कार्ड घेऊन आलीस आणि माझ्या टेबलावर ठेवलंस. रेघ खाली जाऊन वळली होती आणि वर निघाली होती.

मी म्हटलं, "ह्या वळणाच्या जागेला किमान बिंदू म्हणतात."

"तुमी काय पण म्हणा," तू म्हणालीस. "इथं पोर परत आलं."

मी हरले होते, पण हरले असं म्हटलं नाही. म्हटलं, "या वेळी तू बरोबर होतीस. पण दर वेळी असं होणार नाही." तू हसलीस. तो वाद तसाच राहिला. पुढे कितीतरी वेळा आपण तो काढला, शाळेच्या व्हरांड्यात, तुझ्या अंगणात नागली निवडताना, जव्हारच्या बाजारात पिशव्या सांभाळत. मी म्हणायचे, धीर धर. तू म्हणायचीस, पाय उचल. आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं की माझी बाजू अधिक शास्त्रीय आहे.

आता जूनबद्दल लिहायचंय.

शाळा नुकतीच उघडली होती. मी सुट्टीत सिन्नरला घरी जाऊन आले होते. तू आलीस ती भिजून. मी टॉवेल दिला. तू डोकं पुसलंस आणि म्हणालीस, "मॅडम, एक विचारायचं होतं. पोराचं नाय, मोठ्या बाईचं. पाड्यावरची एक बाई हाये. तिचं वजन मी घेत होते."

"काय झालं तिला?"

"काय नाय. काम करते, जेवते. पण मार्चला अठ्ठेचाळीस होती. एप्रिलला सत्तेचाळीस. मे महिन्यात साडेपंचेचाळीस. आता चव्वेचाळीस."

"वय काय?"

"असंल माझ्याएवढी."

मी वहीतला आलेखाचा कागद फाडला. मला आठवतंय, मी खूश झाले होते. तू मोठ्या माणसाचा प्रश्न घेऊन आली होतीस, मला काही शिकवायला मिळणार होतं. मी अक्ष काढले. उभा अक्ष शून्यापासून साठपर्यंत घेतला. चार ठिपके दिले आणि ते जोडले. रेघ जवळजवळ आडवीच दिसली, जराशी कललेली.

तू कागद जवळ ओढलास. "कार्डावर अशी दिसली नसती. कार्डावर खडी दिसली असती."

"तेच तर सांगतेय," मी म्हटलं. "उभा अक्ष ताणला की थोडीशी घसरणसुद्धा कड्यासारखी दिसते आणि माणूस घाबरतो. शून्यापासून घेतला की खरं दिसतं. बघ, किती मंद उतार आहे."

"पण उतारच हाये ना?"

"उन्हाळ्यात वजन उतरतंच. माझंही उतरतं. चार ठिपक्यांवरून काही बोलू नये, जानकी. पाचवा येऊ दे. जुलैत बघू."

तू रेघेवरून एकदा बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "बरं." कागदाची घडी केलीस आणि पिशवीत ठेवलीस. मी पुढे विचारलं, वैशालीची वह्या-पुस्तकं झाली का. तू म्हणालीस, झाली. एवढंच आपलं बोलणं. पाऊस उघडला आणि तू गेलीस.

जुलैत तू आली नाहीस. आणि मी विसरले. हे मला लिहायलाच हवं: मी विसरले. नवे प्रवेश होते, वर्गात पाणी गळत होतं, गणिताचे दुसरे सर बदली होऊन गेले होते. तू एकदा रस्त्यात भेटलीस, पाचोळ्यासारखी दिसलीस, आणि मी म्हटलं, "किती काम करतेस गं, बारीक झालीस." तू म्हणालीस, "लावणी चाललीये." मला ती चार ठिपक्यांची बाई आठवलीसुद्धा नाही.

दसऱ्याच्या आसपास भात कापताना तू शेतातच खाली बसलीस आणि उठलीच नाहीस. काशीनाथदादांनी आणि वैशालीने तुला जीपमध्ये घातलं. आधी जव्हार, तिथून नाशिक. मी तिसऱ्या दिवशी नाशिकला पोचले. डॉक्टर तरुण होते. तुझ्या खाटेशी उभे राहून त्यांनी विचारलं, "ताईंचं वजन कधीपासून कमी होतंय?" ते काशीनाथदादांकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार, उत्तर तेच देतील.

तू उशीवरून मान न हलवता सांगितलंस, "मार्चला अठ्ठेचाळीस. एप्रिलला सत्तेचाळीस. मे महिन्यात साडेपंचेचाळीस. जूनला चव्वेचाळीस."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. पेशंट इतकं नीट सांगत नाहीत. "जुलैला?"

"साडेबेचाळीस."

"मग ऑगस्टला?"

"एक्केचाळीस. मंग मी काट्यावर उभी राहिली नाय."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. माझ्या हातात तुझ्यासाठी आणलेली मोसंबी होती. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटतं, माझ्यावर दया म्हणून बघितलं नाहीस. एक-एक आकडा मी माझ्या हाताने कागदावर दिला होता. तो कागद तुझा होता. आणि पाचवा ठिपका जुलैत पडलाही होता, तू तो एकटीनेच बघितला होतास.

मोठ्या आतड्यात गाठ होती. ती यकृतापर्यंत गेली होती. मी डॉक्टरांना बाहेर गाठलं आणि विचारलं, जूनमध्ये आणलं असतं तर? ते म्हणाले, "आधी आलं असतं तर ऑपरेशनचा विचार करता आला असता, कदाचित. पण तेव्हा गाठ किती मोठी होती, कसं सांगणार?" मी म्हटलं, "अंदाज तरी?" ते म्हणाले, "मॅडम, त्या वेळचं काहीच आपल्याकडे नाही."

होतं, जानकी. त्या वेळचं माझ्याकडे होतं.

तुला घरी आणल्यावर मी दर रविवारी यायचे. तू ओटीवर गोधडीत असायचीस. बोलणं कमी झालं होतं, पण डोळे तेच. पाड्यावरच्या बाया पोरं घेऊन यायच्या, तुझ्या अंगाशी ठेवायच्या, आणि तू पोराचा दंड दोन बोटांत धरून बघायचीस. रेणू यायची, आता चांगली पळणारी. तुझ्या गोधडीवर उड्या मारायची, तिची आई ओरडायची, तू म्हणायचीस, "राहू दे." मी बाजूला बसून ते बघायचे. तेव्हा मला वाटायचं, माझ्या आयुष्यात मी केलेलं एकमेव चांगलं काम म्हणजे मी त्या दिवशी तुला अडवू शकले नाही.

एका रविवारी आपण दोघीच होतो. मी विचारलं, "ती बाई तू आहेस, हे का सांगितलं नाहीस?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणालीस, "माझं म्हणून विचारलं असतं तर तुमी घाबरून सांगितलं असतं. दुसरीचं म्हणून विचारलं तर खरं सांगाल, असं वाटलं."

"मी खरं सांगितलं नाही."

"तुमाला वाटलं ते सांगितलं."

"तू ऐकलंस कशाला? रेणूच्या वेळी नाही ऐकलंस. पोरांसाठी तुला तीन ठिपके पुरायचे, आणि स्वतःसाठी पाच?"

"मना पण पायजे होतं तुमचं बरोबर यावं," तू म्हणालीस. "भ्या वाटत होतं, मॅडम. तुमी थांब बोलल्या, मना बरं वाटलं."

मग तू पाणी मागितलंस. मी चमच्याने पाजलं. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की मला माफ कर. पण मनात आलं, माफी मागितली तर हिला मला समजावत बसावं लागेल, आणि तेवढी ताकद हिच्यात नाही. खरं कारण ते होतं, की मला नुसती भीती वाटली, हे आजही मला ठरवता येत नाही. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येते." पुढच्या रविवारी आले तेव्हा तू ओळखत नव्हतीस. त्याच्या पुढच्या मंगळवारी वैशालीचा फोन आला.

तुझे आभार कसे मानू? तुझ्यामुळे मी आलेखाकडे बघायला शिकले. चित्र म्हणून बघणं मला येत होतं. त्यात माणूस बघणं तू शिकवलंस, आणि मी तेवढंच शिकले नाही. वर्गात आता 'उतरता भाग दाखवा' असं मला म्हणवत नाही. परवा खडू खाली ठेवून बाहेर गेले आणि नळाशी उभी राहिले. पोरांना वाटलं, मला बरं नाही. तो जूनचा आलेख मी पुन्हा काढला नाही. काढायची गरज नाही. मला तो दिसत राहतो, साठपर्यंतचा अक्ष, आणि अगदी वर ती जवळजवळ आडवी रेघ, आणि त्यावर माझंच बोट, मंद उतार दाखवणारं.

काल तुझ्या घरी गेले होते. दिवसकार्य झालं होतं, पाहुणे परतले होते. काशीनाथदादा बैलांकडे होते. वैशाली अंगणात सूप घेऊन वरई पाखडत होती. दहावीचं वर्ष आहे तिचं, बारा दिवसांत शाळेत आली नाही, म्हणून मी तिच्यासाठी वह्या उतरवून नेल्या होत्या. तिने त्या घेतल्या, बाजूला ठेवल्या, आणि सूप न थांबवता विचारलं, "मॅडम, आई आधी दवाखान्यात गेली असती तर वाचली असती?"

डॉक्टरांचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. कसं सांगणार. ते म्हणून मी सुटले असते. तिने मान डोलावली असती, आणि तुझी मुलगी आयुष्यभर मला आईची मैत्रीण समजली असती.

मी सांगितलं. जूनमधला पाऊस, टॉवेल, चार आकडे, कागद, सगळं. मी थांब म्हटलं, हेही सांगितलं.

सूप थांबलं. "तुमाला ठाव होतं, ती आई हाये?"

"नाही. ती म्हणाली, पाड्यावरची एक बाई आहे."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. तुझेच डोळे. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मंग तुमी विचारलं नाय, कोण बाई?"

मी उभी राहिले. मी वय विचारलं होतं. पाचवा ठिपका मागितला होता. नाव विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तू खोटं बोलली नसतीस, जानकी, तुला येतच नव्हतं. तू खाली बघितलं असतंस, आणि मी दुसऱ्या दिवशी तुझा हात धरून एसटीत बसले असते.

वैशालीने सूप भिंतीला टेकवलं आणि आत गेली. दार तिने लावलं नाही. मी किती वेळ अंगणात होते ठाऊक नाही. मग वरई टिपायला कोंबड्या आल्या, त्यांना हाकलायलासुद्धा आतून कुणी आलं नाही, म्हणून मी त्या हाकलल्या आणि निघाले.